बदलण्याचा अधिकार मान्य, पण गाण्यांचं काय?

बेल अँड सेबॅस्टियन या ग्लासगोच्या बँडचा ‘गर्ल्स इन पीसटाइम वॉन्ट टु डान्स’ हा सिंथेसायझर आणि नाचाच्या ठेक्यांवर बेतलेला अल्बम २०१५च्या जानेवारीत आला. त्याच्यावर नाराज झालेल्या जुन्या श्रोत्यांना तेव्हापासून एकच उत्तर ऐकवलं जातं. कलावंताला बदलण्याचा अधिकार आहे. तुम्हाला तो बदल झेपत नाही. तुम्हाला खरं तर नवा अल्बम नकोच आहे, तुमचं कॉलेजचं वय परत हवं आहे. मी त्या नाराजांपैकी एक आहे, आणि मला या उत्तराचाच समाचार घ्यायचा आहे. कारण या सगळ्या बोलण्यात अल्बमचा बचाव कुठेच नाही. आहे तो फक्त श्रोत्याच्या स्वभावाचा पंचनामा.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. स्टुअर्ट मर्डॉक हा मुलगा विद्यार्थिदशेत एमई या दीर्घकालीन थकव्याच्या आजारानं कित्येक वर्षं अंथरुणाला खिळला होता. त्या सक्तीच्या रिकामपणात तो गाणी लिहायला लागला. थोडा सावरल्यावर त्यानं स्टुअर्ट डेव्हिड या मित्राबरोबर बँड उभा केला आणि त्याला सेसिल ओब्री या फ्रेंच लेखिकेच्या मुलांसाठीच्या कथेवरून नाव दिलं. ग्लासगोतल्या स्टो कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी चालवलेल्या छोट्या कंपनीनं १९९६मध्ये त्यांचा पहिला अल्बम ‘टायगरमिल्क’ काढला. त्याच्या फक्त १,००० तबकड्या निघाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’ आला आणि पुढे तो इंडी पॉपमधला मानदंड ठरला. सुरुवातीच्या काळात ही मंडळी मुलाखती टाळत, प्रसिद्धीसाठी स्वतःचे फोटोही धड देत नसत. तरी १९९९च्या ब्रिट पुरस्कारांत श्रोत्यांनी मतं देऊन त्यांना सर्वोत्कृष्ट नवोदित ठरवलं.

आता पहिला मुद्दा, बदलण्याच्या अधिकाराचा. हा अधिकार नाकारला कुणी? या बँडचा इतिहास म्हणजे बदलांचीच यादी आहे आणि त्यातले बहुतेक बदल आम्ही नाराजांनीच डोक्यावर घेतलेले आहेत. २००३च्या ‘डिअर कॅटॅस्ट्रॉफी वेट्रेस’साठी त्यांनी ट्रेव्हर हॉर्नला निर्माता म्हणून घेतलं, तेव्हाचा धक्का आजच्यापेक्षा मोठा होता. हॉर्न म्हणजे बगल्सचा, फ्रँकी गोज टु हॉलिवूडचा माणूस. भपकेबाज, चकचकीत ध्वनीसाठीच त्याची ख्याती. चर्चच्या हॉलमध्ये दबक्या आवाजात गाणाऱ्या पोरांचं हा काय करणार, अशी धास्ती होती. झालं उलटंच. वाद्यांची गर्दी वाढली, आवाज खणखणीत झाले आणि गाण्यांचा कणा तसाच ताठ राहिला. तो अल्बम २००४च्या मर्क्युरी पुरस्काराच्या अंतिम यादीत पोचला. २००६चा ‘द लाइफ परस्यूट’ तर लॉस एंजेलिसमध्ये टोनी हॉफर या निर्मात्याबरोबर केलेला. त्यात सत्तरच्या दशकातला ग्लॅम रॉक आहे, सोल आहे, फंक आहे. ‘टायगरमिल्क’शी त्याचं दुरूनही नातं लागत नाही. तरीही ‘व्हाइट कॉलर बॉय’ आणि ‘सूकी इन द ग्रेव्हयार्ड’ यांच्यावर आम्ही जीव ओवाळून टाकला. म्हणजे बदल आम्हाला झेपतो. दोनदा झेपला आहे. तिसऱ्यांदा झेपला नाही, तर दोष झेलणाऱ्याचाच, हे आधीच ठरवून टाकणं हा कुठला न्याय?

याच मुद्द्याची धाकटी बहीण म्हणजे सिंथची तक्रार. आम्हाला म्हणे गिटार आणि ट्रम्पेटचं सोवळं आहे, यंत्राच्या तालाचा विटाळ होतो. हा आरोप करणाऱ्यांनी ‘टायगरमिल्क’ पुन्हा एकदा नीट ऐकावा. त्यात ‘इलेक्ट्रॉनिक रेनेसान्स’ नावाचं गाणं आहे. सिंथ आहे, यांत्रिक ठेका आहे, आवाजावरसुद्धा प्रक्रिया केलेली आहे. हे १९९६ साली, पहिल्याच अल्बमवर! तेव्हा इलेक्ट्रॉनिक ध्वनी हा २०१५चा नवा शोध नाही. तो या बँडच्या घरात पहिल्या दिवसापासून आहे. त्यामुळे २०१५च्या अल्बमला ‘धाडस’ म्हणणारे समर्थक आणि ‘गद्दारी’ म्हणणारे काही कडवे चाहते, दोघांचंही म्हणणं एकाच चुकीच्या माहितीवर उभं आहे.

नाचाचंही तेच. २००४मध्ये त्यांनी ‘बुक्स’ नावाची छोटी रेकॉर्ड काढली. तिच्यावर ‘युअर कव्हर्स ब्लोन’ हे सुमारे सहा मिनिटांचं गाणं आहे. चक्क डिस्को. पण या डिस्कोत एक बुजरा, स्वतःला फार हुशार समजणारा माणूस रात्री बाहेर पडलाय आणि त्याचं पितळ उघडं पडायच्या बेतात आहे. त्याची चलबिचल वाढली की ठेका बदलतो, तो हबकला की गाणं मध्येच दुसऱ्या चालीत घुसतं, आणि सावरल्यासारखा झाला की पहिल्या चालीवर परततं. इथे नाच ही त्या माणसाची अडचण आहे. गाण्याला डिस्कोची गरज आहे, कारण पात्राला डिस्कोची भीती आहे. हा बँड काय करू शकतो, याचा पुरावा त्यांनीच अकरा वर्षं आधी देऊन ठेवलेला होता. २०१५चा अल्बम मी त्याच मापानं मोजतो. हे माप १९९६मधून आणलेलं नाही आणि बाहेरूनही आणलेलं नाही.

त्या मापात नेमकं काय येतं, हे सांगणं माझ्यावर बंधनकारक आहे. नाहीतर ‘जुनं ते सोनं’ म्हणून गळे काढणाऱ्यांत आणि माझ्यात फरक उरणार नाही. मर्डॉकच्या उत्तम गाण्यांत तीन गोष्टी हमखास असतात. पहिली, एक ठळक माणूस: शाळेत छळली जाणारी मुलगी, बसमधून उतरणारा पोरगा, चर्चकडे संशयानं बघणारी आणि तरी तिथे जाणारी बाई, कारकुनीला कंटाळलेला कुणी. त्याचं नाव, त्याचे कपडे, त्याचा रस्ता आपल्याला माहीत होतो. दुसरी, बोलण्याच्या लयीत पुढे सरकणारी चाल. शब्द एखाद्या ओळीत जास्त झाले तर चाल थोडी लांबते, पण शब्दांवर कात्री चालत नाही. तिसरी, वाद्यांचा संयम. ट्रम्पेट एकदाच येतं, पण ते येईपर्यंत आपण त्याची वाट बघत असतो. १९९७च्या ‘लेझी लाइन पेंटर जेन’मध्ये मोनिका क्वीनचा दणदणीत आवाज मर्डॉकच्या पुटपुटण्यावर आदळतो आणि शेवटची काही मिनिटं ऑर्गन नुसता धावत सुटतो. ते गाणंही लांब आहे, तेही नाचायला लावतं. पण ती लांबी आधीच्या कथेनं कमावलेली असते.

आता ‘गर्ल्स इन पीसटाइम’. निर्माता बेन एच. ॲलन, ध्वनिमुद्रण अमेरिकेत अटलांटाला. ॲलननं ॲनिमल कलेक्टिव्हचा ‘मेरिवेदर पोस्ट पॅव्हिलियन’ आणि डिअरहंटरचा ‘हॅल्सियन डायजेस्ट’ यांवर काम केलेलं. माणूस कसबी आहे, याबद्दल दुमत नाही. पण ज्या बँडमध्ये शब्द पुढे आणि वाद्यं मागे असतात, तिथे त्यानं ठेका पुढे आणला आणि शब्द त्याच्या बरोबरीला बसवले. परिणाम पहिल्या सिंगलमध्येच दिसतो. ‘द पार्टी लाइन’ हे गाणं पायांना लगेच कळतं, आणि त्यानंतर कळण्यासारखं त्यात काही उरत नाही. त्यातला माणूस कोण, त्याला काय हवंय, या गर्दीत तो कशाला आलाय, हे विचारायची सोयच ठेवलेली नाही.

‘एंटर सिल्व्हिया प्लाथ’ हे माझ्या नाराजीचं मुख्य कारण. पावणेसात मिनिटांच्या आसपास चालणारं, युरोपियन डिस्कोच्या धाटणीचं हे गाणं एका मोठ्या कवयित्रीचं नाव घेतं. प्लाथ म्हणजे घरातल्या साध्या वस्तूंतून भयानकाकडे नेणारी कवयित्री. तिला नाचाच्या तालावर आणायची कल्पना विक्षिप्त आहे आणि म्हणूनच मोहकही आहे. पण नावाच्या पाटीपलीकडे तिचं इथे काय काम आहे? सिंथची लाट येते, ओसरते, पुन्हा येते. शेवटाला आपण सुरुवातीलाच होतो तिथेच असतो. ‘युअर कव्हर्स ब्लोन’मध्ये प्रत्येक वळणाला कारण होतं, इथे वळणंच नाहीत. ‘प्ले फॉर टुडे’ सात मिनिटांहून लांब आहे. डम डम गर्ल्सच्या डी डी पेनीचा आवाज त्यात आहे, आणि क्वीन-मर्डॉक जोडीची आठवण होणं अटळ आहे. तिथे दोन आवाज एकमेकांवर आदळत होते. इथे ते सभ्यपणे शेजारी बसलेले आहेत. ‘द एव्हरलास्टिंग म्यूज’मध्ये एक कोमल कडवं चालू असताना अचानक पूर्व युरोपच्या लग्नातल्यासारखा कोरस घुसतो. गंमत म्हणून ठीक, पण गाण्याच्या दोन भागांची एकमेकांशी ओळखच करून दिलेली नाही.

आणि लांबी. ‘टायगरमिल्क’ आणि ‘सिनिस्टर’ दोन्ही दहा-दहा गाण्यांचे, चाळीस-एकेचाळीस मिनिटांत आटोपणारे. हा अल्बम बारा गाण्यांचा आणि तासाभराचा. म्हणजे गाणी दोनच वाढली आणि वेळ मात्र जवळजवळ दीडपट झाला. हा जादा वेळ पात्रांच्या वाट्याला आलाय की ठेक्याच्या, हे ज्यानं त्यानं घड्याळ लावून ऐकावं.

एवढं बोलल्यावर जे चांगलं आहे ते सांगायलाच हवं, आणि ते माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. अल्बमचं पहिलं गाणं ‘नोबडीज एम्पायर’ मर्डॉकच्या आजारपणाबद्दल आहे. त्यानं लिहिलेल्या सर्वोत्तम गाण्यांत त्याची जागा आहे. इथेही ध्वनी मोठा आहे, इथेही ठेका ठाम आहे, कोरससारखे आवाज उसळतात. पण मध्यभागी एक आजारी मुलगा आहे, खोली आहे, खिडकीबाहेरचं जग आहे आणि त्या जगात परत जाण्याची धडपड आहे. ठेका त्या धडपडीचा आहे. मर्डॉकला हा विषय किती खोलवर छळत होता, हे पुढे २०२४मध्ये त्यानं याच नावाची कादंबरी लिहिली त्यावरून कळतं. मग जो निर्माता, जो स्टुडिओ, जी यंत्रं या गाण्यात जमून येतात, ती इतरत्र का जमत नाहीत? कारण आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? सांगण्यासारखं होतं तिथे नव्या ध्वनीनं साथ दिली. नव्हतं तिथे त्यानं पोकळी झाकली. ज्या श्रोत्याला बदलच सोसत नाही, त्याला ‘नोबडीज एम्पायर’ आवडायला नको होतं. मला ते अल्बममधलं सर्वांत जास्त आवडतं.

दुसरा मुद्दा, स्मरणरंजनाचा. तुम्ही विशीत होतात, पावसाळी दुपारी हेडफोन लावून बसला होतात, ते दिवस गेले आणि राग बँडवर काढताय! हा युक्तिवाद वरवर फार शहाणा वाटतो, कारण त्याला उत्तर देऊ लागलं की माणूस आपोआप हळवा ठरतो. पण त्यातलं गृहीतक तपासा. श्रोते या बँडबरोबर वर्षानुवर्षं क्रमानं मोठे झाले, असं ते मानतं. ग्लासगोत ते काहींच्या बाबतीत खरं असेल. इथे, पुण्या-मुंबईकडे, मी आणि माझ्यासारखे काही जण या बँडपर्यंत भलत्याच वाटांनी पोचलो. २००७च्या ‘जूनो’ चित्रपटात त्यांची दोन गाणी आहेत: ‘टायगरमिल्क’वरचं ‘एक्स्पेक्टेशन्स’ आणि ट्रेव्हर हॉर्नच्या अल्बमवरचं ‘पियाझा, न्यूयॉर्क कॅचर’. एक १९९६चं, एक २००३चं. आम्ही ती दोन्ही एकाच आठवड्यात ऐकली आणि दोन्ही आवडली. आमच्या कानात पहिला काळ आणि नंतरचा काळ असा भेदच नव्हता. जो सुवर्णकाळ आम्ही त्या काळात जगलोच नाही, त्याच्या आठवणींनी आम्ही आंधळे झालोय, हे म्हणणं जरा अतीच झालं.

शिवाय जुन्या ध्वनीला सर्वांत कमी भुललेला माणूस खुद्द मर्डॉक आहे. ‘सिनिस्टर’च्या गाण्यांवर त्याचा विश्वास होता, मूळ ध्वनिमुद्रणावर मात्र तो समाधानी नव्हता. म्हणून २००५मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये बँडनं तो अख्खा अल्बम रंगमंचावर वाजवला आणि ते ध्वनिमुद्रण प्रसिद्धही केलं. त्यात वादन अधिक सफाईदार आहे, आवाज अधिक भरीव आहेत. गाणी जशीच्या तशी तगतात. गाणं पक्कं असेल तर ध्वनी बदलला तरी त्याचं काही बिघडत नाही, हे यातून बँडनंच दाखवून दिलं. नाराज श्रोत्याचंही म्हणणं एवढंच आहे.

इथे माझ्याच गोटातल्या काहींशीही माझं भांडण आहे. बँडमधली गायिका इझोबेल कॅम्पबेल २००२मध्ये बाहेर पडली आणि बँड संपला, असं मानणारे आहेत. ट्रम्पेटवाला मिक कुक २०१३मध्ये गेला तेव्हा उरलंसुरलं गेलं, असं मानणारेही आहेत. या मंडळींना कोणतीही नवी गोष्ट दाखवा, निकाल तयार असतो. त्यांच्यामुळे समर्थकांचं काम सोपं होतं: एका हट्टी माणसाकडे बोट दाखवायचं आणि सगळ्यांना त्याच्याच रांगेत उभं करायचं. कॅम्पबेल गेल्यानंतरच ‘डिअर कॅटॅस्ट्रॉफी वेट्रेस’ आणि ‘द लाइफ परस्यूट’ झाले. माणसं गेल्यानं बँड संपतो, हा हिशेब इथे जुळत नाही. तो जुळत नाही हे मान्य केल्याशिवाय आपल्या टीकेला वजन येणार नाही.

तिसरा मुद्दा सामूहिकतेचा. मर्डॉक एकटा म्हणजे बँड नव्हे, इतरांनाही गायची, लिहायची संधी हवी, आणि तुम्हाला फक्त त्याचाच आवाज हवा असतो, असं सांगितलं जातं. हा प्रश्न २०००च्या ‘फोल्ड युअर हँड्स चाइल्ड, यू वॉक लाइक अ पेझंट’च्याही आधीपासून चालू आहे. त्यात कॅम्पबेल, स्टीव्ही जॅक्सन, सारा मार्टिन सगळ्यांनी गाणी लिहिली. संधी हवीच. स्टीव्ही जॅक्सनचं ‘द राँग गर्ल’ मला त्या अल्बममधलं एक सुंदर गाणं वाटतं. पण मग निकषही सगळ्यांना सारखे हवेत. २०१५च्या अल्बमवरचं जॅक्सनचं ‘परफेक्ट कपल्स’ सुखवस्तू जोडप्यांची टिंगल करतं. टिंगल पहिल्या मिनिटात कळते आणि गाणं पुढे कितीतरी वेळ चालू राहतं. सारा मार्टिनच्या ‘द पॉवर ऑफ थ्री’ला गोड चाल आहे, पण ती कशासाठी आहे हे शेवटपर्यंत उमगत नाही. सहकाऱ्याला माइक देणं हा सौजन्याचा भाग झाला. ते सौजन्य श्रोत्यानं दाद देऊन फेडावं, असा काही नियम नाही.

उरला तो नव्या श्रोत्यांचा मुद्दा. या अल्बममुळे तरुण मंडळी बँडकडे वळली, मैफलींत लोक नाचायला लागले, तुमचं काय जातं? काहीच जात नाही. लोक नाचोत, आनंदच आहे. पण मैफलीत कुणी नाचलं म्हणून घरी ऐकायच्या अल्बमचे दोष भरून निघत नाहीत. आणि नव्या श्रोत्याला कमी लेखण्याचं काम इथे नेमकं कोण करतंय? त्याला एवढ्यावर समाधान मानता येईल, त्याला ‘युअर कव्हर्स ब्लोन’सारखं गाणं मागायचा हक्क नाही, असं गृहीत धरणारे समर्थकच.

या वादाचा एक तोटा मला खरोखर गंभीर वाटतो. इंडी संगीताचा व्यवहार मुळात ओळखीतल्यासारखा असतो. बँड छोटा, श्रोते मोजके, दोघांत आपलेपणा. या आपलेपणामुळेच टीका म्हणजे घरभेदीपणा अशी समजूत रुजते. मोठ्या कंपनीच्या पॉप तारकेला आपण सहज झोडपतो, आणि आवडत्या बँडची वेळ आली की त्याचं वकीलपत्र घेतो. मग प्रत्येक अल्बम ‘प्रवासातला महत्त्वाचा टप्पा’ होतो, प्रत्येक चूक ‘प्रयोग’ होते. ज्या बँडनं मुलाखती न देता, चेहरे न दाखवता, केवळ गाण्यांच्या जोरावर माणसं मिळवली, त्याला अशी बोळवणीची स्तुती शोभत नाही. त्यांच्या गाण्यांनीच आम्हाला बारकाईनं ऐकायला शिकवलं. ते शिकवणं फक्त जुन्या अल्बमपुरतं वापरायचं आणि नव्याला सवलतीचे गुण द्यायचे, हा त्यांचाच अपमान आहे.

बँड पुढेही काम करत राहिला. २०१७-१८मध्ये तीन छोट्या रेकॉर्डींची मालिका आली. २०२२चा ‘अ बिट ऑफ प्रीव्हियस’ महासाथीमुळे परदेशी जाणं रद्द झाल्यावर ग्लासगोतच केला गेला, आणि २०२३च्या जानेवारीत ‘लेट डेव्हलपर्स’ आला. त्यांतही सिंथ आहेत, नाचाची गाणी आहेत. काही गाणी जमली आहेत, काही नाहीत. त्यांच्याबद्दल गाणंवार बोलता येतं आणि कुणी रागावतही नाही. २०१५च्या अल्बमच्याच वाट्याला ‘बदल पचत नाही’ हे कवच आलं, कारण त्याला त्याची गरज सर्वांत जास्त होती.

तेव्हा समर्थकांना माझं साधं सांगणं आहे. आमच्या वयावर, आठवणींवर, सोवळेपणावर बोलणं आता पुरे. ‘युअर कव्हर्स ब्लोन’ आणि ‘एंटर सिल्व्हिया प्लाथ’ ही दोन गाणी लागोपाठ ऐका आणि दुसरं गाणं पहिल्यापेक्षा कुठे पुढे गेलंय, ते चालीतून, शब्दांतून, वाद्यांतून दाखवा. दाखवता आलं तर मी ऐकायला तयार आहे. माझा निकाल तोवर असा: ‘नोबडीज एम्पायर’, ‘द कॅट विथ द क्रीम’ आणि ‘एव्हर हॅड अ लिटल फेथ?’ ही तीन गाणी ठेवण्याजोगी आहेत. उरलेली नऊ या बँडच्या लायकीची नाहीत.